सुंगटांना प्रेशर नको! इलेक्ट्रिक कुकरमधला 'श्रिम्प बॉइल'



अलीकडे आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आलेला आहे. कोणाचा मुलगा क्रूझवर तारवटी आहे, कोणाची बहीण गल्फात आहे, सुट्टीवर येताना घेऊन येतात. काहींनी इथेच ऑनलाइन मागवलाय. भात, डाळ, मटण त्यात झकास होतं. पण सुंगटे घातली की तक्रार ठरलेली: "चिवट झाली, रबर चावल्यासारखं लागतं." आणि क्रूझवरून आलेली पोरं 'श्रिम्प बॉइल'चं कौतुक सांगतात, तेव्हा घरातल्या बायका विचारतात की तो आपल्या कुकरात होईल का?

होतो. चांगला होतो. फक्त एक गोष्ट पाळायची: प्रेशर बटाट्याला द्यायचं, सुंगटांना नाही. असं का, ते नीट समजून घेतलं तर हा पदार्थच काय, सुंगटांचा कुठलाच पदार्थ बिघडणार नाही.

हा पदार्थ आपल्यासारख्याच लोकांचा

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर साउथ कॅरोलिना राज्य आहे. तिथे ब्यूफर्ट गावाजवळ सेंट हेलेना नावाचं बेट. खाड्या, खाजण, चिखल, भरती-ओहोटी, सगळं आपल्याला ओळखीचं वाटेल असं. या बेटावर गुल्ला समाजाची जुनी वस्ती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. हातानं विणलेल्या फेकजाळ्यानं सुंगटे धरणं आणि जे मिळेल ते एकाच भांड्यात शिजवणं ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

याच बेटावर फ्रॉगमोर नावाची वस्ती आहे. म्हणून या पदार्थाला 'फ्रॉगमोर स्ट्यू' म्हणतात. दुसरं नाव 'लो-कंट्री बॉइल', म्हणजे सखल भागातलं उकडलेलं जेवण. स्ट्यू म्हटलं तरी त्यात रस नसतो. आजच्या रूपात तो पसरला कसा, याची गोष्ट तिथे सांगतात ती अशी: १९६० च्या दशकात रिचर्ड गे नावाच्या माणसानं, ज्याच्या घरचा धंदाच सुंगटांचा, नॅशनल गार्डच्या शंभरेक जवानांना जेवण घालायचं म्हणून सुंगटे, मका, सॉसेज सगळं एकाच मोठ्या भांड्यात उकडलं. म्हणजे हा पदार्थ हॉटेलातून आलेला नाही, जेटीवरून आलेला आहे.

पद्धत सोपी. अंगणात गॅसच्या मोठ्या शेगडीवर हंडा चढवायचा. मसाल्याच्या खारट पाण्यात आधी बटाटे, मग सॉसेज, मग मक्याच्या कणसांचे तुकडे आणि शेवटच्या तीनेक मिनिटांत सालासकट सुंगटे. पाणी गाळून सगळं टेबलावर कागद पसरून ओतायचं. ताटं नाहीत, चमचे नाहीत. हातानं सोलायचं आणि खायचं. लुइझियानाकडे असंच क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीसारख्या जिनसाचं करतात.

यातला क्रम लक्षात ठेवा. सुंगटे सर्वांत शेवटी. सगळा पदार्थ त्या क्रमावर उभा आहे.

कुकरात नेमकं बिघडतं कुठे?

आपण कुकर वापरतो तो वेळ वाचवायला. म्हणून सगळं एकदम घालून झाकण लावतो आणि 'एकच मिनिट' प्रेशर देतो. अमेरिकन रेसिपींतही कित्येकदा एक मिनिट किंवा शून्य मिनिट लिहिलेलं असतं. आता हिशेब करा.

इलेक्ट्रिक कुकर बटन दाबल्याबरोबर प्रेशरला येत नाही. भांडं भरलेलं असलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. या सगळ्या वेळात आतलं पाणी तापत असतं, सुंगटे शिजत असतात. मग ते एक मिनिट. मग वाफ काढायला आणखी दोन मिनिटं. म्हणजे कागदावर एक मिनिट असलं तरी सुंगटांच्या नशिबी पंधरा मिनिटं येतात.

त्यात तापमान बघा. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशाच्या वर जात नाही. बंद कुकरात प्रेशरमुळे ते ११५ अंशांच्या आसपास पोचतं. सुंगटाचं मांस मात्र ६० अंशांच्या थोडं वर गेलं की शिजायला लागतं. त्यापुढे जास्त उष्णता दिली की मांस आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. मग मोठं सुंगट लहान दिसतं, गोडवा पाण्यात जातो आणि तोंडात उरतो तो चिवट धागा.

बरं, तिकडच्या रेसिपींत बहुतेक वेळा बर्फात गोठवलेली मोठी सुंगटे धरलेली असतात. ती थंडगार असल्यामुळे थोडा वेळ टिकाव धरतात. आपल्याकडे सकाळी जेटीवरून आणलेली मध्यम सुंगटे तीच रेसिपी बघून केली तर काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

शिजलं की नाही ते ओळखायची खूण आकारात आहे. सुंगट वाकून अर्धचंद्रासारखं झालं, मांस काचेसारखं न राहता पांढरं-गुलाबी झालं की काढा. गोल कडी झाली, शेपूट डोक्याच्या जागेला टेकली, म्हणजे जास्त झालं. नुसत्या रंगावर जाऊ नका. लाल रंग सालात आधीपासूनच असतो, एका प्रथिनाला बांधलेला. उष्णतेनं ते बंधन सुटतं आणि रंग दिसू लागतो. साल लाल झाली तेव्हा आतलं मांस अजून कच्चं असू शकतं.

आधी वीज तपासा

स्वयंपाकाआधी एक महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेतून आणलेल्या कुकरच्या खालच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपली वीज २३० व्होल्टची. नुसता प्लगचा अडॅप्टर लावून तो चालवला तर कुकर जळतो, आगही लागू शकते. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही कुकरच्या वॅटपेक्षा जास्त ताकदीचा. हे कुकर साधारण १००० वॅटचे असतात. गल्फातून आणलेले बहुधा २२०-२४० व्होल्टचे असतात, ते इथे चालतात. तरी पट्टी वाचूनच प्लग लावा. सुट्टीवर येणाऱ्या मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पैसे फुकट जाणार नाहीत.

साहित्य (चार माणसांसाठी, ६ लिटरचा कुकर)

- मध्यम सुंगटे, डोक्यासकट १ किलो
- लहान बटाटे, सालासकट अर्धा किलो (मोठे असल्यास दोन तुकडे)
- मक्याची कणसे ३, प्रत्येकाचे तीन तुकडे
- कांदे २, उभे चार भाग करून
- लसणीचा १ गड्डा, आडवा कापून
- लिंबं २
- लोणी किंवा बटर ५० ग्रॅम
- पाणी १ लिटर
- मीठ दीड मोठा चमचा
- सॉसेज २०० ग्रॅम, ज्यांच्या घरी चालतं त्यांनी. तिकडे धुरावलेलं सॉसेज घालतात. आपले चोरीस घातले तर चव आंबट-तिखट होते, पण छान लागते. मात्र मीठ आणि तिखट दोन्ही कमी करा.

मसाल्याबद्दल थोडं. साउथ कॅरोलिनात 'ओल्ड बे' नावाचा तयार मसाला वापरतात. तो गुस्ताव ब्रुन या जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू मसालेवाल्यानं १९३९ मध्ये बाल्टिमोरला बनवला. सेलरीचं मीठ, मिरी, लाल मिरची असा तो मसाला. आपल्याकडे घरच्या डब्यातून जवळपास जाता येतं:

काश्मिरी मिरचीपूड २ लहान चमचे, जाडसर मिरीपूड १ चमचा, मोहरीची पूड १ चमचा, सुंठ अर्धा चमचा, लवंगा ४, वेलच्या २, तमालपत्रं ३, जायफळ चिमूटभर आणि ओवा अगदी चिमूटभर. सेलरीच्या बियांची चव ओव्याच्या बाजूला जाते, पण ओवा जास्त उग्र आहे, म्हणून हात आखडता ठेवा.

खोबऱ्याचं वाटण, चिंच, सोलां यात घालू नका. ते घातलं की त्याचं हुमण होतं. हुमण आपल्या जागी श्रेष्ठच, पण इथे सुंगटाची स्वतःची चव खायची आहे. शिवाय घट्ट वाटण तळाला लागतं आणि कुकर मध्येच बंद पडतो.

कृती

१. सुंगटांची डोकी काढा, साल राहू द्या. कात्रीनं पाठीवर साल चिरून काळा दोरा काढा. धुऊन, निथळून फ्रिजमध्ये ठेवा. शिजवायच्या क्षणापर्यंत थंडच राहिली पाहिजेत.

२. डोकी फेकू नका. किलोमागे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन डोक्यांतच जातं आणि खरी चवही तिथेच असते. धुतलेली डोकी मलमलच्या फडक्यात सैल बांधून १ लिटर पाण्यात घाला आणि कुकरला ५ मिनिटं प्रेशर द्या. डोक्यांना प्रेशर चालतं! फडकं यासाठी, की डोक्यावरचे काटे आणि सालाचे तुकडे वाफेच्या वाटेत अडकू नयेत. वाफ गेल्यावर पुरचुंडी काढून घ्या आणि पाणी गाळा. हेच पाणी पुढे वापरायचं.

३. या पाण्यात मसाला, मीठ, कांदा, लसूण, बटाटे आणि सॉसेज घाला. वर कणसांचे तुकडे ठेवा. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. झाकण लावून, वाल्व बंद करून हाय प्रेशरवर ४ मिनिटं लावा. बटाटे अंड्याएवढे असतील तर ५ मिनिटं.

४. वेळ संपली की लगेच वाफ सोडा. वाल्व हातानं नाही, लांब दांड्याच्या चमच्यानं फिरवा. तोंड आणि हात बाजूला, मुलं दूर. हा कुकर शिटी देत नाही, त्यामुळे आत प्रेशर आहे की नाही ते आवाजावरून कळत नाही. झाकणावरची पिन खाली बसली की मगच उघडा. पिन वर असताना जोर लावून उघडू नका.

५. बटाट्यात सुरी घालून बघा. सहज गेली पाहिजे. कच्चा वाटला तर आत्ताच एखादं मिनिट आणखी द्या. सुंगटे पडल्यावर बटाट्यासाठी थांबता येत नाही.

६. आता कुकर 'सॉते'वर घ्या. पाण्याला उकळी फुटली की सुंगटे घाला, एकदा वर-खाली करा आणि वर साधं ताट झाका. कुकरचं झाकण लावायचं नाही. मध्यम सुंगटांना दोन ते तीन मिनिटं. लहान असतील तर दीड मिनिट पुरतं. अर्धचंद्राचा आकार आला की कुकर बंद.

७. लगेच झाऱ्यानं सगळं बाहेर काढा. गरम पाण्यात राहिली तर कुकर बंद असला तरी सुंगटे शिजतच राहतात. वर बटर आणि लिंबू.

वाढताना अमेरिकेत वर्तमानपत्र पसरतात. ते आपण करू नये. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि वर्तमानपत्रात अन्न देऊ-बांधू नका असं एफएसएसएआयनंही सांगितलेलं आहे. आपल्याकडे केळीचं पान आहे, त्याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? उरलेलं मसाल्याचं पाणी वाटीत घेऊन पाव बुडवून खा, किंवा दुसऱ्या दिवशी त्यात भात शिजवा. मात्र रात्रभर बाहेर ठेवू नका, थंड करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

या भांड्यात शिळं लपत नाही

हुमणात, सुक्यात, लोणच्यात मसाला जोरदार असतो. एखाद-दुसरं नरम सुंगट त्यात खपून जातं. इथे तसं नाही. साल माणूस स्वतः सोलतो, वास थेट नाकाशी येतो. त्यामुळे हा पदार्थ म्हणजे बोटीवरच्या कामाची परीक्षाच.

सुंगट मेल्याबरोबर त्याच्या डोक्यातले पाचक रस शेजारच्या मांसाला विरघळवायला लागतात. म्हणून मान सैल होते, डोकं लोंबतं, मांस पिठूळ लागतं. सालावर काळे डाग पडतात तेही आतल्या रसायनांमुळे. नुसत्या डागानं माणूस आजारी पडत नाही, पण तो सांगतो की बर्फ उशिरा पडला. जाळं वर आल्यावर लगेच निवडणं, स्वच्छ समुद्राच्या पाण्यानं धुणं, सावलीत ठेवणं आणि माल तितका बर्फ, थरावर थर. या चार गोष्टी केलेल्या सुंगटाचं मांस पाचव्या दिवशीसुद्धा टणक राहू शकतं. न केलेलं सुंगट दुसऱ्या दिवशीच हात दाखवतं.

घरी घेताना मान घट्ट, साल चकचकीत, वास समुद्राचा पाहिजे. झोंबणारा वास आला तर ठेवून द्या.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांसाठी मे महिन्यात साठवायची असतील तर डोकी काढून, डब्यात पाणी भरून बुडवून गोठवा. हवा लागत नाही, मांस सुकत नाही. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा. गरम पाण्यात वितळवू नका.

त्यांच्या हंड्यात कोणाची सुंगटे?

आता बोटमालकांसाठी एक मुद्दा. अमेरिकेला सर्वांत जास्त सुंगटे पुरवणारा देश भारतच आहे. पण तो माल आपल्या बोटींचा नाही. तो तळ्यांत वाढवलेल्या व्हॅनामी जातीचा, आणि त्यातला मोठा वाटा आंध्र प्रदेशचा. समुद्रात धरलेली भारतीय सुंगटे अमेरिकेनं २०१९ पासून घेणं बंद केलं आहे. कारण आपल्या ट्रॉलजाळ्यांत कासव सुटून जाण्याची सोय, म्हणजे टीईडी, बसवलेली नसते. कोचीच्या सीआयएफटी संस्थेनं आपल्या जाळ्यांना चालेल असा टीईडीचा नमुना तयार केलेला आहे. जाळ्यात एक जाळीदार चौकट असते, सुंगटे तिच्या फटींतून मागे जातात आणि कासव वरच्या किंवा खालच्या तोंडातून बाहेर पडतं. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

आणि दुसरी बाजू बघा. स्वस्त आयात मालामुळे तिकडचे सुंगटांचे बोटवाले हैराण आहेत. त्यांच्या मागणीवरून तिथल्या सरकारनं २००५ मध्येच भारतीय सुंगटांवर डम्पिंगविरोधी शुल्क बसवलं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. म्हणजे जो पदार्थ सेंट हेलेनाच्या जेटीवर जन्मला, त्याच्याच हंड्यात आज बाहेरून आलेली तळ्यातली सुंगटे पडतात आणि तिथला बोटवाला बाजूला बसतो.

यातून आपण काय घ्यायचं? परदेशचं दार कधी उघडेल, कधी बंद होईल, ते आपल्या हातात नाही. पण दारातलं गिऱ्हाईक आपल्या हातात आहे. आपल्याच किनाऱ्यावर शॅक आहेत, होमस्टे आहेत, तिथे येणारा पर्यटक सालासकट, ताज्या, समुद्रातल्या सुंगटांचे पैसे द्यायला तयार असतो. ज्यांच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या आहेत त्या बायकांनी हा पदार्थ करून बघावा. तेल नाही, वाटण नाही, अर्ध्या-पाऊण तासात चार माणसांचं जेवण. आणि वर सांगता येतं: हे सुंगट आमच्या बोटीचं, आज सकाळचं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

- झाकणाची रबरी रिंग नुस्त्याचा वास धरते. नुस्त्यासाठी एक वेगळी रिंग ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या खिरीला वास येतो.
- प्रत्येक वेळी वाल्व काढून धुवा. सालाचा बारीक कण अडकला तरी वाफ नीट निघत नाही.
- आतलं भांडं काढून धुवायचं, बाहेरचा विजेचा भाग पाण्याखाली धरायचा नाही. फक्त ओल्या फडक्यानं पुसा.
- पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा, सुंगटांची ॲलर्जी आहे का. ओठ-घसा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

पहाटे चारला जेटी सोडणाऱ्या माणसानं धरलेलं, खलाशानं बर्फात जपलेलं सुंगट शेवटच्या पाच मिनिटांत कुकरात वाया जाऊ नये, एवढंच सांगणं. बटाट्याला चार मिनिटं प्रेशर, सुंगटांना तीन मिनिटं उघड्यावर. हे दोन आकडे स्वयंपाकघरात लिहून चिकटवा.

करून बघा आणि कसं झालं ते सोसायटीत आल्यावर सांगा.

आपला,
सचिव